‘कॉफी’, कीचक आणि आम्ही

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. त्यामुळे मतभेदांना आमच्याकडे कधी तोटा पडत नाही. तासाहून परतताना सुरू झालेला वाद रात्री ओटा पुसताना संपतो, आणि कधी कधी तेव्हाही संपत नाही. म्हणून वाचकांसाठी आरंभीच एक खुलासा. या लेखात जेथे ‘आम्ही’ असे म्हटले आहे तेथे वाद मिटलेला आहे असे समजावे. जेथे ‘आमच्यापैकी एक’ असे म्हटले आहे तेथे तो अद्याप चालू आहे.

ज्या चित्रपटाविषयी लिहायचे आहे त्याचे नाव ‘कॉफी’. पेयाशी त्याचा काही संबंध नाही. नायिकेचे आडनाव कॉफिन, म्हणजे शवपेटी. त्याचे लाडके, घरगुती रूप कॉफी. १९७३ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला हा सूडपट जॅक हिल यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला, आणि पॅम ग्रिअर या अभिनेत्रीने तो आपल्या खांद्यावर उचलून नेला. समीक्षेच्या पाठ्यपुस्तकांत अशा चित्रपटांना जागा नसते. असलीच तर तळटीपेत.

मग मराठीच्या दोन अध्यापकांना हा चित्रपट भेटला कसा? दलित साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना दरवर्षी आम्ही एक वाक्य उच्चारतो : १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ची स्थापना झाली आणि हे नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून घेण्यात आले. मुले ते लिहून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘‘सर, ते पँथर सिनेमे बघायचे का?’’ वर्ग हसला. आम्हीही हसलो. मात्र घरी आल्यावर ध्यानात आले की उत्तर आम्हाला ठाऊक नव्हते आणि प्रश्न काही हसण्याजोगा नव्हता.

उत्तर शोधू लागलो तेव्हा कळले की ते सिनेमे बघत होते, आणि चांगले मन लावून बघत होते. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केला. त्यातील न्यूटन यांनी १९७१ साली पक्षाच्या वृत्तपत्रात मेल्व्हिन व्हॅन पीबल्स यांच्या ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस साँग’ या चित्रपटावर प्रदीर्घ लेख लिहून त्याची क्रांतिकारक म्हणून वाखाणणी केली होती. गोऱ्या पोलिसांना मारून पळालेला कृष्णवर्णीय नायक चित्रपटाच्या शेवटी जिवंत राहतो, ही त्या वेळी मोठीच बातमी होती. तोवर पडद्यावरचा कृष्णवर्णीय माणूस एक तर सोशिक असे, नाही तर मध्यंतरानंतर मरत असे.

त्याच वर्षी गॉर्डन पार्क्स यांचा ‘शाफ्ट’ आला, पुढच्या वर्षी त्यांच्या चिरंजीवांचा ‘सुपर फ्लाय’. चित्रपटधंद्याचे दिवस तेव्हा वाईट होते. गोरा मध्यमवर्ग शहरे सोडून उपनगरांत गेला होता, घरोघरी दूरचित्रवाणी आली होती, आणि शहरांच्या मध्यभागातील भव्य चित्रपटगृहे ओस पडू लागली होती. त्या चित्रपटगृहांच्या आसपास उरलेली वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची. या प्रेक्षकाच्या खिशात तिकिटापुरते पैसे आहेत, हा शोध निर्मात्यांना लागला आणि दोन-तीन वर्षांत अशा चित्रपटांची रांग लागली. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे ज्युनियस ग्रिफिन यांनी १९७२ साली त्यांना नाव दिले : ‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’. ब्लॅक आणि एक्स्प्लॉइटेशन, म्हणजे कृष्णवर्णीय आणि शोषण या दोन शब्दांची ही सांधेजोड. आज रसिक हा शब्द एखाद्या शैलीचे नाव असावे अशा कौतुकाने उच्चारतात. मुळात ती शिवी होती. दलाल, गर्दविके आणि बंदूकबाज यांनाच आमच्या मुलांचे आदर्श करून दाखवता आणि मिळालेला पैसा गोऱ्या कंपन्यांच्या तिजोरीत भरता, असा तो आरोप होता. आरोप खोटा नव्हता.

‘कॉफी’ची जन्मकथा तर या आरोपाला पुरावा म्हणून जोडावी अशी आहे. ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ ही स्वस्तातले चित्रपट झपाट्याने काढणारी कंपनी. ‘क्लिओपात्रा जोन्स’ नावाचा, कृष्णवर्णीय नायिका असलेला चित्रपट तिच्या हातून निसटून वॉर्नर ब्रदर्सकडे गेला. तेव्हा त्याच्या आधी आपला तसलाच चित्रपट पडद्यावर आलाच पाहिजे, या ईर्ष्येतून ‘कॉफी’चा घाट घातला गेला. लेखक-दिग्दर्शक गोरा, कंपनी गोऱ्यांची, खर्च सुमारे ५ लाख डॉलर, चित्रीकरण तीनएक आठवड्यांत उरकलेले. शर्यत कंपनीने जिंकली. कलाकृतीच्या निर्मितीप्रक्रियेवर आम्ही जी व्याख्याने देतो, त्यांतले एकही येथे लागू पडत नाही.

आणि तरीही.

पहिल्या दहा मिनिटांतच हा चित्रपट माणसाला पकडतो. रात्रीची वेळ. अमली पदार्थांसाठी व्याकूळ झालेली, त्यासाठी वाटेल ते करायला तयार असलेली एक तरुणी एका विक्रेत्याच्या गाडीत आणून बसवली जाते. विक्रेता तिला घरी नेतो. आता जे होणार ते आपण शेकडो वेळा पाहिलेले असते, म्हणून आपण थोडे अवघडून, थोडे सावरून बसतो. एवढ्यात तिच्या हातात नळी कापून आखूड केलेली बंदूक येते आणि त्या माणसाचे डोके शिल्लक राहत नाही. त्याच्या गाडीवानाला ती हेरॉइनचा प्राणघातक डोस घ्यायला लावते. तिची अकरा वर्षांची धाकटी बहीण याच विषाने व्यसनमुक्ती केंद्रात पोहोचलेली आहे, हे जाता जाता आपल्याला समजते.

त्यानंतरचे दृश्य आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ती तडक कामावर जाते. ती परिचारिका आहे, आणि शस्त्रक्रियागृहात तिची पाळी आहे. चेहऱ्यावर मुखपट्टी, समोर उघडे शरीर, आणि तिचे लक्ष ठिकाणावर राहत नाही. थोड्या वेळापूर्वी ज्या हातांनी माणसे मारली, त्याच हातांनी आता माणूस वाचवायला मदत करायची आहे. सूडपटातल्या नायकाला सहसा नोकरी नसते. असली तरी तो पहिल्या रिळात राजीनामा देतो. ‘कॉफी’ला तशी चैन परवडत नाही.

आमच्या घरात या दृश्याला एक जाणकार प्रेक्षक लाभला. आमच्या आई सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षे परिचारिका होत्या. आम्ही संगणकावर चित्रपट पाहत होतो तेव्हा त्या निवडायला घेतलेली मेथी घेऊन मागे येऊन बसल्या. अशा चित्रपटात पुढे काय काय दाखवतात याची कल्पना असल्याने आम्ही जरा चुळबुळ केली. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. उघडी शरीरे आणि वाहते रक्त यांचे त्यांना अप्रूप नव्हते. संवाद इंग्रजी, तेही त्या वस्तीतल्या बोलीतले. त्यातले त्यांना काही कळत नव्हते आणि त्यावाचून त्यांचे अडतही नव्हते. शस्त्रक्रियागृहाचे दृश्य आल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘एवढं करून ड्युटीवर आली? रजा मिळाली नसेल.’’

हे वाक्य विनोदी आहे असे प्रथम आमच्यापैकी एकाला वाटले. आता तसे वाटत नाही. ग्रिअर यांची आई परिचारिका होती, हे आम्हाला पुढे कळले. पाठीचा कणा ताठ ठेवून, थकलेल्या पायांनी पाळी पुरी करणाऱ्या बाईची ती चाल त्या घरातूनच घेऊन आल्या असाव्यात, असा आमचा तर्क आहे.

कथेचा पुढचा प्रवास जिन्यासारखा आहे. गल्लीतला विक्रेता ही पहिली पायरी. त्याच्या वर किंग जॉर्ज हा रंगीबेरंगी कपड्यांतला दलाल, त्याच्या वर व्हिट्रोनी हा माफिया सरदार, त्याच्या आश्रयाने विकले गेलेले पोलीस, आणि सर्वांत वरच्या पायरीवर हॉवर्ड ब्रन्सविक. ब्रन्सविक हा नगरपरिषदेचा सदस्य, काँग्रेसच्या निवडणुकीतला उमेदवार, कृष्णवर्णीयांचा लाडका वक्ता, आणि कॉफीचा प्रियकर. लोकांसमोर तो अमली पदार्थांच्या धंद्याला गोऱ्यांचे कारस्थान म्हणतो. बंद दाराआड त्याच धंद्यात वाटा मागतो. माणसाच्या कातडीचा रंग कोणता का असेना, आपल्याला फक्त डॉलरच्या हिरव्या रंगाशी कर्तव्य आहे, असे तो माफियांच्या बैठकीत सांगून टाकतो. १९७३ साली, स्वस्तातल्या चित्रपटात, ‘आपला माणूस’ म्हणून निवडून येणाऱ्याची अशी चिरफाड व्हावी, याचे आम्हाला आश्चर्य वाटले. आपल्याकडे हे आश्चर्य समजावून सांगावे लागू नये.

मध्ये येतो कार्टर. हा तिचा जुना मित्र, कृष्णवर्णीय आणि प्रामाणिक पोलीस. एखाद्या विक्रेत्याला मारून काय होणार, असे तो तिला विचारतो. तो तर एका लांबलचक साखळीतली एक कडी आहे, आणि त्या साखळीचे दुसरे टोक कोठे तरी दूरदेशी अफू पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्यापर्यंत जाते. सगळ्यांनाच मारणार का? त्यावर, का नाही, दुसरे कोणी तर काहीच करत नाही, अशा आशयाचे उत्तर ती देते. कार्टरचे म्हणणे बरोबर आहे. समाजशास्त्राचा कोणताही प्राध्यापक त्यालाच गुण देईल. पण पुढे काय होते? हप्ता घ्यायला नकार दिल्याबद्दल गुंड त्याला बॅटने असे झोडपतात की त्याच्या मेंदूला कायमची इजा होते. व्यवस्थेवर विश्वास ठेवा असे सांगणारा एकुलता एक सज्जन माणूस व्यवस्थेकडूनच मोडला जातो. यानंतर कॉफीला आणि प्रेक्षकाला कोणाचाही सल्ला ऐकायची गरज उरत नाही.

या चित्रपटाच्या आकर्षणाचे मर्म आम्हाला येथे सापडते. सूड कोणालाही आवडतो, असे म्हणून हा प्रश्न झटकता येणार नाही. दाद मागण्याची सगळी दारे एकेक करून आपल्या डोळ्यांदेखत बंद होतात, आणि मग बंदूक निघते, तेव्हा ती सूडाची राहत नाही, न्यायाची वाटू लागते. मराठी प्रेक्षकाला ही रचना परकी नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. महाभारतातल्या एका सूडकथेची साम्राज्याला भीती का वाटावी? कारण प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे हा देश, धीर धरा म्हणणारा कंकभट म्हणजे मवाळ, आणि आत धुमसणारा बल्लव म्हणजे जहाल. नाटक पाहून घरी जाणाऱ्याने काही कोणाचा वध केला नसेल. पण दोन-तीन तास तरी त्याने कीचकाला मरताना पाहिले होते. डेट्रॉइटच्या किंवा शिकागोच्या चित्रपटगृहातला प्रेक्षक याहून निराळा होता असे आम्हाला वाटत नाही.

फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की सैरंध्रीला बल्लवाची वाट पाहावी लागते. संस्कृतातल्या ‘वेणीसंहारा’त द्रौपदी केस मोकळे सोडून अंकामागून अंक थांबते, आणि अखेरीस रक्ताने माखलेल्या हातांनी भीम तिची वेणी घालतो. केस तिचे, प्रतिज्ञा त्याची, हातही त्याचेच. कॉफीच्या केसांचे काय होते? किंग जॉर्जच्या घरच्या मेजवानीत इतर बायका तिच्यावर तुटून पडणार हे ओळखून ती आपल्या दाट, गोलाकार केसांत दाढीची पाती खोवून ठेवते. जिचा हात त्या केसांना धरायला जातो तिचा हात कापतो. हे केस तसे राखणे म्हणजेच त्या दशकात एक विधान होते. गोऱ्यांसारखे सरळ करून घेणार नाही, असे त्यातून सांगितले जाई. चित्रपटाने त्या विधानाला शब्दशः धार लावली. त्याच १९७३ साली आपल्याकडे ‘जंजीर’ आला. त्यात जया भादुरी चाकू-सुऱ्यांना धार लावणारी झाली आहे. धार ती लावते. सूड मात्र विजयचा. आमच्यापैकी एकीला हे सुचले तेव्हा दुसऱ्याला क्षणभर काही बोलता आले नाही, याची येथे नोंद करणे भाग आहे.

आता दुसरी बाजू. या चित्रपटाच्या प्रेमात पडणे सोपे आहे, आणि प्रेमात पडल्यावर काही गोष्टी दिसेनाशा होतात. कॅमेरा कॉफीच्या धैर्याकडे पाहतो त्याहून अधिक वेळ तिच्या शरीराकडे पाहतो. कथेला गरज असो वा नसो, तिचे कपडे फाटत राहतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ग्रिअर यांनी सांगितले आहे की वयाच्या सहाव्या वर्षी त्यांच्यावर अत्याचार झाला होता. हे वाचल्यानंतर ती दृश्ये पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाहीत. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे की त्या बाईने त्या कॅमेऱ्याला आपल्या रागाने हरवले. म्हणूनच १९७५ साली ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. दुसऱ्याचे म्हणणे असे की हरवले असेल, पण तिकिटाचे पैसे कॅमेऱ्यालाच मिळाले. हा वाद चालू आहे.

किंग जॉर्जच्या शेवटाविषयी मात्र वाद नाही. व्हिट्रोनीचे गुंड त्याच्या गळ्यात दोर अडकवून त्याला गाडीमागे फरफटत नेतात. दलाल मेला, असे म्हणून प्रेक्षकाने सुटकेचा श्वास टाकावा अशी व्यवस्था आहे. पण गोऱ्यांच्या हातातला दोर आणि कृष्णवर्णीयाचा गळा एका चौकटीत आल्यावर अमेरिकेच्या इतिहासात त्याला एकच अर्थ असतो. १९९८ साली टेक्सासमधील जॅस्पर येथे जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाला तीन गोऱ्यांनी ट्रकमागे बांधून फरफटत नेऊन ठार केले. चित्रपट आणि ही घटना यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. हे दृश्य करमणूक म्हणून पाहणे आता शक्य नाही, आणि चित्रपट ते करमणूक म्हणूनच दाखवतो.

आणि तो गाडीवान? तोही व्यसनी आहे. बहिणीला ज्या विषाने ग्रासले त्याच विषाने तोही ग्रासलेला आहे. कॉफी त्याला मारते तेव्हा ती साखळीतली कडी तोडत नाही, बहिणीसारख्याच एकाला मारते. चित्रपट येथे थांबत नाही. ब्लॅक पँथर पक्ष लहान मुलांना सकाळची न्याहारी फुकट देण्याचा उपक्रम चालवीत होता, तो या जगात कोठेच नाही. संघटना नाही, मोर्चा नाही, शेजारीण नाही. एक बाई, एक बंदूक, आणि बाकी सगळे विकले गेलेले. संतापाला जेव्हा सोबत मिळत नाही तेव्हा तो असाच दिसतो, असे आम्ही वर्गात म्हणालो असतो. वर्गात म्हणायला हे वाक्य चांगले आहे. पण घरात आम्हाला ते म्हणता आले नाही, आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातली एक विद्यार्थिनी दुपारी विभागात आली. शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी तिला ज्या माणसाकडे जावे लागे तो तिला कार्यालय सुटल्यानंतर एकटीला बोलावत असे. एकदा ती गेली होती. तिने दोन पानी अर्ज लिहून आणला होता. अक्षर सुरेख होते. ‘‘मॅडम, सर, एवढं बघून द्या,’’ ती म्हणाली. तिला काय बघून हवे होते, हे आम्हाला कळले होते. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते; आमच्याही होती. अर्जासोबत दोन ज्येष्ठ अध्यापकांचे पत्र गेले असते तर तो फाइलीत दबला नसता.

आम्ही तो अर्ज वाचला. आणि तांबड्या शाईने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले.

हे लिहिताना हात अडतो, पण घडले ते असे घडले. ‘सहानुभूती’तला ‘भू’ तिने ऱ्हस्व लिहिला होता. आम्ही तो दीर्घ केला. मुद्दे क्रमाने मांड, म्हणालो. स्वच्छ प्रत करून आण. मग म्हणालो, मूल्यमापन समिती येऊन जाऊ दे, परीक्षा होऊ दे, तुझेच नुकसान व्हायला नको. यातले एकही वाक्य वाईट हेतूने उच्चारलेले नव्हते. ‘‘बरं,’’ असे म्हणून ती गेली. तीन आठवड्यांनी पुन्हा आली ती महाविद्यालय सोडण्याचा फॉर्म घेऊन. त्यावर विभागाची सही लागते, की हिच्याकडे पुस्तके वगैरे काही येणे नाही. ती सही आम्ही उभ्या उभ्या केली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ‘कॉफी’ पाहिला. बंदुकीचा पहिला आवाज झाला तेव्हा आम्ही दोघांनीही एकदम टाळी वाजवली. आयुष्यात मुंगी मारताना विचार करणारी आम्ही माणसे. टाळी का वाजली, हे एकमेकांना विचारायचे धैर्य झाले नाही. मग कार्टरचा प्रसंग आला. त्याचा साखळीचा युक्तिवाद ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहणे टाळले, कारण तो आवाज ओळखीचा होता. धीर धर, एकाला धरून काय होणार, प्रश्न मोठा आहे. कार्टरने निदान त्या प्रामाणिकपणाची किंमत आपल्या डोक्यावर सोसली. आम्ही सल्ला दिला आणि किंमत तिने सोसली. ‘कीचकवध’ शिकवताना मवाळांची थट्टा आम्ही आजवर मोठ्या रंगाने केली आहे. मुले हसतात. विराटाच्या सभेत सैरंध्री दाद मागायला येते तेव्हा आपण स्वतः कोठे बसलेले असू, असा प्रश्न परीक्षेत कधी विचारलेला नाही.

तर, सूडपटाचे आकर्षण आम्हाला त्या रात्री आतून कळले. ज्याने अन्याय सोसला त्यालाच ते असते असे नाही. जो अन्यायाच्या वेळी हजर होता आणि गप्प राहिला, त्यालाही ते असते, कदाचित अधिकच. अंधारात बसून आपण नायिकेच्या बाजूने टाळी वाजवतो आणि दीड तासापुरते आपले नाव गप्प राहणाऱ्यांच्या यादीतून निघते. तिकीट त्याचेच असते.

चित्रपटाचा शेवट समुद्रकाठच्या घरात होतो. सगळ्यांना संपवून कॉफी ब्रन्सविककडे येते. त्याच्याकडे अजून शब्द आहेत. सत्ता हातात आल्याशिवाय आपल्या लोकांचे भले कसे करणार, असे तो तिला सांगू लागतो, आणि तिची बंदूक खाली येऊ लागते. तेवढ्यात आतून एक गोरी बाई, अंगावर वस्त्र नसलेली, बाहेर येते. कॉफी गोळी झाडते. कोठे झाडते ते सांगायला नको. आमच्यापैकी एकाला हा शेवट घसरलेला वाटतो : इतका वेळ न्यायासाठी चाललेली बंदूक शेवटी मत्सरासाठी चालली. दुसरीला वाटते की तसे नाही. भाषणाने भुललेल्या माणसाला शुद्धीवर आणायला डोळ्यांसमोरचा पुरावाच लागतो, युक्तिवाद पुरत नाही. मग ती बाहेर पडते आणि पहाटेच्या किनाऱ्यावरून एकटीच चालत जाते. रॉय आयर्स यांचे संगीत वाजत राहते. चालणाऱ्या बाईत विजयाचा लवलेश नाही. स्वस्तातल्या चित्रपटाने हा शेवट असा सोडावा, याबद्दल त्याचे पुष्कळ गुन्हे माफ करावेत असे आम्हा दोघांनाही वाटते.

ग्रिअर यांना पुढे ‘फॉक्सी ब्राउन’ मिळाला, १९७४ साली. काही वर्षांत ही लाट ओसरली. १९९७ साली क्वेंटिन टॅरँटिनो यांनी ‘जॅकी ब्राउन’ त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केला, आणि त्यात त्या मध्यमवयीन, थकलेल्या, हुशार हवाईसुंदरीच्या भूमिकेत दिसल्या. पुन्हा एक नोकरी करणारी बाई.

पण त्या रात्रीचे एवढ्यावर आटोपले नाही. पडद्यावर नावे सरकू लागली. आम्ही दिवा लावला आणि सवयीप्रमाणे शेवटाविषयी वाद घालू लागलो. आईंची मेथी निवडून झाली होती. त्या उठता उठता म्हणाल्या, ‘‘आणि त्या धाकटीचं काय झालं?’’

आम्ही थबकलो. खरेच, काय झाले? जिच्यासाठी एवढा रक्तपात झाला ती अकरा वर्षांची मुलगी सुरुवातीला केंद्रात दिसते आणि मग चित्रपट तिच्याकडे परत जातच नाही. ती बरी झाली का, तिला कोणी भेटायला गेले का, बहीण आता तुरुंगात जाईल तेव्हा तिचे कोण? चौतीस वर्षे रुग्णांच्या उशाशी उभ्या राहिलेल्या बाईला हा प्रश्न पहिल्यांदा सुचला. साहित्याच्या दोन पदव्युत्तर पदव्या असलेल्या आम्हाला तो सुचलाच नाही. आम्ही बंदुकीबद्दल बोलत होतो, केसांबद्दल बोलत होतो, कीचकाबद्दल बोलत होतो.

‘‘तिच्याबद्दल दाखवलं नाही,’’ आम्ही म्हणालो.

‘‘मग एवढं कशासाठी केलं?’’ असे म्हणून त्या मेथी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. विभागाच्या जुन्या हजेरीपटात विद्यार्थ्यांचे भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेले असतात. सोमवारी आम्ही तो काढला. फोन कोणी करायचा यावर वाद झाला नाही. दोघांनीही करायचा ठरले. क्रमांक तोच होता. तिने आवाज लगेच ओळखला. जे बोलणे झाले ते तिचे आहे, येथे लिहिण्याचे नाही. एवढेच सांगता येईल की क्षमा मागण्याआधी आम्ही तिला ती कशी आहे हे विचारले, आणि ऐकायला बराच वेळ लागला.